उजेड साठवायचा, मळभ काढायचं

जूनच्या पहिल्या आठवड्यात 'मृग लागला' म्हणत सगळं गाव आकाशाकडे डोळे लावून बसतं, तेव्हा खुद्द मृग मात्र कोणालाच दिसत नाही. त्या दिवसांत सूर्यच मृग नक्षत्रात असतो, त्यामुळे ते तारे दिवसाउजेडी डोक्यावरून निघून जातात. मृगाला भेटायचं तर हिवाळा हवा. डिसेंबरच्या मध्यावर तो मध्यरात्री, तर जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊ-साडेनऊला आकाशात सर्वांत उंच येतो. चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते.

त्या बाणाच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक आखूड रांग लोंबते. तिच्यातला मधला तारा काळोख्या जागेवरून नीट पाहिला, तर तो टोकदार दिसत नाही. पिंजलेल्या कापसाचा बारीक पुंजका असावा तसा दिसतो. हा मृगातला तेजोमेघ, मेसिये या खगोलनिरीक्षकाच्या यादीतला क्रमांक ४२. तेराशेहून अधिक प्रकाशवर्षांवरच्या या वायूच्या ढगात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. दुर्बिणीतूनही तो राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो. फोटोत मात्र तो गुलाबी, तांबडा, निळसर होऊन पंख पसरतो.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात असा फोटो दाखवला की एक प्रश्न हमखास येतो: हे खरं आहे, की कॉम्प्युटरवर केलेलं? या प्रकरणात त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. आकाशाच्या फोटोत दोन कामं असतात. पहिलं काम उजेड साठवण्याचं, ते रात्री माळावर होतं. दुसरं काम त्या उजेडावर आलेलं मळभ काढण्याचं, ते नंतर घरी होतं. नसलेलं काही आणून घालणं हे तिसरं काम या कलेत बसत नाही. पहिल्या दोन कामांची रीत समजली की तिसरं ओळखणं सोपं जातं.

हौशी माणसांनी सुरू केलेलं काम

मृगातल्या याच ढगाचा पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी निघाला. कोणत्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. काढणारा हेन्री ड्रेपर हा अमेरिकेतला डॉक्टर होता. त्याच्या वडिलांनी, जॉन विल्यम ड्रेपर यांनी, १८४० मध्ये चंद्राचा फोटो घेतला होता. मुलाने ११ इंची दुर्बिणीला प्लेट जोडून ती ५१ मिनिटं उघडी ठेवली. तीन वर्षांनी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन याने घरच्या बागेतल्या ३६ इंची दुर्बिणीतून तोच ढग टिपला. कॉमन पेशाने सांडपाणी व्यवस्थेचा इंजिनिअर. त्याच्या प्लेटवर असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. माणसाच्या डोळ्यापेक्षा प्लेट जास्त पाहू शकते, हे तिथे सिद्ध झालं. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या बांधकाम व्यावसायिकाने देवयानी दीर्घिकेचा फोटो घेतला आणि तिची चक्राकार रचना पहिल्यांदा समोर आली.

यांच्यापैकी कोणाचाही चरितार्थ खगोलशास्त्रावर चालत नव्हता.

महाराष्ट्राच्या मातीतही या कामाच्या खुणा आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून वऱ्हाडाकडे सरकत गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन थांबले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती. विदर्भातल्या तळणीला ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांच्या मंडळाने तळ ठोकला होता. त्यांच्यातल्या ॲनी माँडर यांनी जेमतेम दीड इंची भिंगाचा, स्वतः आखलेला कॅमेरा आणला होता. सूर्याच्या प्रभामंडलातून फार दूरवर गेलेला एक लांबलचक किरण त्या छोट्या कॅमेऱ्याने पकडला. तोवर एवढा लांब किरण कोणाच्याही प्लेटवर आला नव्हता. साधन लहान असलं तरी ते कशासाठी आखलंय हे ठाऊक असेल, तर केवढं काम होतं, याचा हा पुरावा आपल्याच भूमीवरचा आहे.

डोळा आणि कॅमेरा

डोळा उजेड साठवत नाही. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागापुरता जमवतो आणि सोडून देतो, नाहीतर आपल्याला धावता चेंडू दिसलाच नसता. शिवाय अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी पाहतो, त्यांना रंग कळत नाहीत. म्हणून मृगातला ढग राखाडी भासतो. त्याला रंग नाही असं नव्हे. तो ओळखण्याइतका उजेड आपल्या डोळ्याला मिळत नाही.

कॅमेऱ्याचं तसं नाही. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ २.८ वर ठेवली, तर तिचं तोंड सुमारे १८ मिलिमीटरचं होतं. अंधाराला सरावलेली बाहुली फार तर ७ मिलिमीटरची. म्हणजे लेन्स डोळ्याच्या सुमारे साडेसहा पट उजेड आत घेते. त्यात शटर चार सेकंद उघडं ठेवलं की डोळ्याच्या एका क्षणाच्या तुलनेत शेकडो पट उजेड सेन्सरवर साचतो. महागड्या दुर्बिणीशिवायही आकाशाचे फोटो निघतात, ते या साठवणुकीमुळे.

पृथ्वी थांबत नाही

मग शटर अर्धा तास उघडं का ठेवू नये? कारण पृथ्वी फिरते. तिची एक फेरी ताऱ्यांच्या हिशोबाने २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते, म्हणजे आकाश दर सेकंदाला १५ विकला (आर्कसेकंद) सरकतं. ट्रायपॉडवर स्थिर असलेल्या कॅमेऱ्यात ताऱ्यांच्या रेघा होतात.

यासाठी हौशी छायाचित्रकारांत पाचशेचा नियम रूढ आहे: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा, येतील तितके सेकंद. ५० मिलिमीटरला १० सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आणखी दीडने भागायचं, म्हणजे साडेसहा. हा नियम फिल्मच्या काळाला ठीक होता. आजच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरच्या लेन्सने एक पिक्सेल साधारण १६ विकलांचा होतो, म्हणजे तारा जवळपास दर सेकंदाला एक पिक्सेल सरकतो. त्यात मृग खगोलीय विषुववृत्तावर आहे, तिथे ही सरक सर्वांत जास्त असते. त्यामुळे तारे गोल हवे असतील तर तीन-चार सेकंदांवर थांबावं.

याहून लांब एक्स्पोजर हवं असेल तर ट्रॅकर लागतो. हे छोटं यंत्र कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरवतं. त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे बरोबर रोखावा लागतो. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेला डोंगर, झाड किंवा धुरकट हवा असली की ध्रुवतारा सापडत नाही. जागा ठरवताना उत्तर मोकळी आहे ना, हे आधी पाहावं. शिवाय ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. तो चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच बाजूला आहे, ती दुरुस्तीही करावी लागते.

हा ध्रुव खाली असण्याचा एक मोठा फायदाही आपल्याला आहे. आकाशगंगेचं केंद्र धनू राशीत, दक्षिणेकडे आहे. पुण्याहून ते ४२ अंशांपर्यंत वर चढतं, लंडनहून जेमतेम ९ अंशांपर्यंत. जो पट्टा पाहायला उत्तरेकडचे लोक दूरचा प्रवास करतात, तो एप्रिल-मेच्या रात्री आपल्याकडे सह्याद्रीच्या कुठल्याही काळोख्या पठारावरून दिसतो.

माळावरची रात्र

सुरुवातीला ट्रॅकर नको. मृगापासून सुरुवात करावी. सामान एवढंच: हाताने सेटिंग बदलता येईल असा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, मजबूत ट्रायपॉड, भरलेल्या दोन बॅटऱ्या आणि लाल टॉर्च. पांढऱ्या उजेडाने डोळ्यांचा सराव मोडतो आणि तो परत यायला वीस-तीस मिनिटं जातात.

अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस निवडावेत. फोटो रॉ स्वरूपातच घ्यायचे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात; चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. अंधारातले सगळे तपशील तळाच्या पायऱ्यांवर असतात. त्याच कमी असतील तर पुढे हाती काही लागत नाही. आयएसओ १६००, ॲपर्चर एफ २.८, एक्स्पोजर चार सेकंद. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून थोडी मिटायची. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्थिरीकरण बंद ठेवायचं.

सर्वांत जास्त फोटो फुकट जातात ते फोकसमुळे. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये. ऑटोफोकस बंद करून व्याध पडद्यावर दहा पट मोठा करावा आणि तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग सावकाश फिरवावी. मग रिंगेवर चिकटपट्टी लावून टाकावी. पाव्हेल बाख्तिनोव या रशियन हौशी निरीक्षकाने २००५ मध्ये फोकससाठी एक खाचांची झाकणी काढली. ती लेन्ससमोर धरली की ताऱ्याभोवती तीन रेघा उमटतात, आणि मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकस जमला. आज जगभरचे छायाचित्रकार ती वापरतात.

दुसरा शत्रू दव. डिसेंबरच्या पहाटे घाटमाथ्यावर लेन्सची काच गार पडते आणि कळायच्या आत धुरकटते. फोटोत तारे हळूहळू फुगत गेलेले घरी आल्यावर दिसतात, तेव्हा उपाय उरलेला नसतो. पॉवर बँकेवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सला पहिल्यापासून गुंडाळावा.

आता चार सेकंदांचे तीनशे फोटो घ्या. एकूण वीस मिनिटांचा उजेड झाला. तेवढ्यात आकाश पाच अंश सरकतं, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी मृग पुन्हा चौकटीत मधोमध आणावा. या छोट्या हलवाहलवीचा पुढे उपयोग होतो.

तीनशे फोटोंची बेरीज

घरी येऊन त्यातला एक फोटो उघडला की निराशा होते. तारे दिसतात, पण त्यांच्यामागे वाळू पसरल्यासारखा रवा असतो. ढग त्या रव्यात बुडालेला.

हा रवा येतो कुठून? प्रकाश थेंबाथेंबाने येतो, पावसासारखा. अंगणात दोन सारख्या वाट्या ठेवल्या तरी एका मिनिटात दोन्हींत नेमके तेवढेच थेंब पडत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर प्रत्यक्षात कधी ९०, कधी ११० पडतात. म्हणजे १० टक्क्यांची थरथर. तेच १०,००० कण जमले की थरथर १०० ची होते, म्हणजे फक्त १ टक्का. यालाच तंत्राच्या भाषेत सिग्नल वाढवून नॉइज कमी करणं म्हणतात. नियम वर्गमुळाचा आहे: १६ फोटोंची सरासरी काढली की चित्र ४ पट स्वच्छ, १०० फोटोंची काढली की १० पट, आपल्या ३०० ची काढली की सुमारे १७ पट.

या कामाला स्टॅकिंग म्हणतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतात. ती प्रत्येक फोटोतले तारे ओळखतात, त्यांच्या जागा जुळवून फोटो एकावर एक बसवतात आणि प्रत्येक बिंदूची सरासरी काढतात. मधल्याच एखाद्या फोटोतून विमान किंवा उपग्रह गेलेला असतो. तीनशेपैकी २९९ फोटोंत तो बिंदू काळा आणि एकातच पांढरा असेल, तर तो एक मोजणीतून वगळला जातो. माळावर केलेली हलवाहलव इथे कामी येते. सेन्सरचा एखादा बिघडलेला पिक्सेल दर वेळी आकाशाच्या वेगळ्या बिंदूवर पडतो, त्यामुळे तोही असाच गळून जातो.

ग्रहांसाठी हीच रीत उलटी वापरतात. गुरू तेजस्वी आहे, त्याला उजेडाची वाण नाही; अडचण हवेच्या थरथरण्याची. म्हणून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या हजारो चौकटींमधल्या सर्वांत स्थिर तेवढ्याच निवडून त्यांची सरासरी काढतात. व्हिडिओ याहून फार लांबवता येत नाही, कारण गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो आणि त्याचे पट्टे पुसट होतात.

कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग

फोटोत आकाशाशिवाय कॅमेराही उमटलेला असतो. तो वेगळा काढण्यासाठी कॅमेऱ्याचेच फोटो घ्यावे लागतात.

लेन्सवर झाकण लावून, त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळेचे आणि त्याच थंडीत घेतलेले वीस-तीस फोटो म्हणजे 'डार्क'. सेन्सर तापल्यामुळे काही पिक्सेल उजेड नसतानाही चमकतात. तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की हा दोष साधारण दुप्पट होतो. मेच्या रात्री घेतलेले फोटो जानेवारीच्या फोटोंपेक्षा जास्त रवाळ असतात, ते यामुळे. डार्क हे मूळ फोटोंतून वजा करायचे.

लेन्सवर पांढरा स्वच्छ सुती कपडा ताणून, पहाटेच्या एकसारख्या उजेडात, फोकस न हलवता घेतलेले फोटो म्हणजे 'फ्लॅट'. लेन्समुळे कोपरे किती काळवंडतात आणि सेन्सरवर धुळीचे कण कुठे आहेत, याचा तो नकाशा. मूळ फोटोला या नकाशाने भागायचं. वजाबाकी आणि भागाकार, एवढंच गणित आहे. नवशिके फ्लॅट घ्यायचा कंटाळा करतात आणि मग कोपऱ्यांशी तासन्‌तास झटत बसतात.

काळ्या फोटोतून ढग

एवढं सगळं करून हाती आलेला फोटो पडद्यावर जवळजवळ काळा दिसतो. घाबरू नये. सेन्सर उजेड सरळ मोजतो: दुप्पट उजेड, दुप्पट आकडा. त्यामुळे तारे वरच्या टोकाला आणि ढग अगदी तळाला राहतो. आपला डोळा तसं पाहत नाही. तो अंधुकातले फरक मोठे करून दाखवतो. फोटोलाही तेच शिकवायचं. तळाचे आकडे वर उचलायचे, वरचे जागेवर धरून ठेवायचे. याला स्ट्रेचिंग म्हणतात. पहिल्यांदा ते कराल त्या रात्री काळ्या पडद्यातून ढगाचे पंख हळूहळू वर येताना दिसतील. आपण चार सेकंद चार सेकंद करून साठवलेला उजेड तिथेच होता, हे तेव्हा मनाला पटतं.

पण स्ट्रेचिंगआधी एक पायरी आहे. क्षितिजाकडच्या गावांचा उजेड फोटोच्या एका बाजूला पिवळट पसरलेला असतो. जिथे तारे किंवा ढग नाहीत अशा जागी खुणा करून सॉफ्टवेअरला या उजेडाचा उतार दाखवायचा आणि तो वजा करायचा. खूण चुकून ढगाच्या फिकट कडेवर पडली, तर कडही वजा होते. घाईने केलेल्या प्रोसेसिंगमध्ये सर्वाधिक नुकसान इथे होतं.

इथे एक गोष्ट मनात कोरून ठेवावी. शहराचा उजेड वजा करता येतो, त्याने आणलेली थरथर वजा करता येत नाही. तीही त्या थेंबांबरोबरच फोटोत उतरलेली असते. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर काळोख्या आकाशाची जागा घेऊ शकत नाही. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा उजेड ठरावीक पिवळ्या रंगाचा होता, तो फिल्टरने अडवता यायचा. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत सगळेच रंग असतात, तो गाळणं अवघड. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला. लडाखमधल्या हानले भागाचं काळोखं आकाश त्याआधीच राखीव झालं आहे. पाणवठ्यासारखं हे धन आता राखावं लागणार आहे.

मृगाच्या ढगाची आणखी एक अडचण: त्याचा गाभा अतितेजस्वी आहे. कडा दिसेपर्यंत उचललं की गाभा पांढराफटक होतो आणि त्यातले चार तान्हे तारे बुडून जातात. त्यासाठी रात्रीच एक-दोन सेकंदांचे काही वेगळे फोटो घेऊन ठेवायचे आणि गाभा त्यांच्यातून घ्यायचा. दोन्ही उजेड त्याच ढगाचे, त्याच रात्रीचे आहेत.

रंग खरे का?

आता त्या प्रश्नाकडे परत येऊ. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश देतो. ऑक्सिजन ५०१ च्या आसपासचा निळसर हिरवा देतो. तान्ह्या ताऱ्यांचा प्रकाश धुळीवरून परततो, तो निळा. फोटोतला गुलाबी रंग या मिश्रणातून येतो. तो तिथे आहे. आपल्या डोळ्याला पोचत नाही एवढंच. उलट साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरचा फिल्टर हा तांबडा प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून साध्या कॅमेऱ्यात ढग असतो त्यापेक्षा कमी तांबडा येतो. काही छायाचित्रकार हा फिल्टर काढून घेतात.

रंगाचा तोल मनाने ठरवू नये. ताऱ्यांचे रंग मोजलेले आहेत. सिरिलसारखं सॉफ्टवेअर फोटोतले तारे गाया उपग्रहाच्या यादीशी ताडून तोल बसवतं. ते झाल्यावर मृगातल्या ताऱ्यांपैकी काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर पांढरा आला पाहिजे. नाही आला, तर कुठेतरी चुकलं आहे.

काही रंग मात्र ठरवून दिलेले असतात. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचं जे चित्र दाखवलं, त्यात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. प्रत्यक्षात गंधक आणि हायड्रोजन दोघेही तांबडेच दिसतात; कुठे काय आहे ते वेगळं कळावं म्हणून हा नकाशा. भूगोलाच्या पुस्तकातला डोंगर तपकिरी छापतात तसाच. त्यात फसवणूक नाही, मात्र ही वाटणी सांगितलेली असली पाहिजे.

कुठे थांबायचं

प्रोसेसिंग हे कॉम्प्युटरने आणलेलं खूळ नाही. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेतले डेव्हिड मॅलिन हे काम डार्करूममध्ये करत. मूळ निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून ते ढोबळ उजेड दाबत आणि बारीक तपशील वर आणत. आजच्या सॉफ्टवेअरमधलं 'अनशार्प मास्क' हे नाव याच रीतीवरून आलं. अशा रीतींनी त्यांना काही लंबगोल दीर्घिकांभोवती अतिशय फिकट कवचं सापडली. ती कवचं प्लेटवर आधीपासून होती. मॅलिन यांनी फक्त मळभ काढलं.

माझ्या मते सीमा इथेच आहे. वजा करणं, सरासरी काढणं, उचलणं, रंगाचा तोल साधणं हे सगळं चालतं, कारण दुसऱ्या माणसाने त्याच रात्री तेच केलं असतं, तर तोच ढग निघाला असता. अंदाजाने तपशील भरणं चालत नाही. चंद्र ओळखून त्यावर शिकवलेले खड्डे चढवणारे फोन आता आहेत. रवा काढणारी आणि धार वाढवणारी सॉफ्टवेअरही हात सैल सोडला की नसलेले धागे विणतात. त्यांची मात्रा कमी ठेवावी आणि निकाल मूळ स्टॅकशी ताडून पाहावा.

पाहणाऱ्यालाही काही खुणा ठाऊक असाव्यात. २४ मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेल्या चंद्राची प्रतिमा सेन्सरवर पाव मिलिमीटरचीही नसते. रुंद आकाशगंगेसमोर ताटाएवढा चंद्र दिसला, तर ते दोन फोटो एकत्र केले आहेत. चंद्रकोरीच्या काळ्या भागात तारा असूच शकत नाही. तिथे चंद्राचंच अंग आहे. पुढची जमीन आणि मागचं आकाश वेगवेगळ्या वेळी घेऊन जोडणं ही मान्य कला आहे, पण फोटोखाली तसं लिहावं.

मूळ फाइल जपा

२० सप्टेंबर २०१६ च्या रात्री अर्जेंटिनातल्या रोझारियो शहरात व्हिक्टर बुसो हा कुलूप-किल्ल्यांचं काम करणारा गृहस्थ गच्चीवरच्या दुर्बिणीला लावलेला नवा कॅमेरा तपासत होता. शहराच्या उजेडाने फोटो पांढरा पडू नये म्हणून त्याने वीस-वीस सेकंदांचे अनेक फोटो घेतले. सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत त्याला एक ठिपका दिसला. तो आधीच्या फोटोंत नव्हता आणि पुढच्या प्रत्येक फोटोत वाढत होता. एका ताऱ्याचा महास्फोट पृष्ठभागावर येतानाचा तो क्षण होता. बुसोच्या फोटोंवर आधारलेला संशोधन लेख २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाने गुरूवर एक काळा डाग पाहिला. तो कशाच्या तरी धडकेचा होता. त्याने कळवल्यावर मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

दोघांच्याही कामाला मोल आलं, कारण त्यांच्याकडे वेळेची नोंद असलेल्या मूळ फाइल होत्या. प्रोसेस केलेलं चित्र भिंतीवर शोभतं. साक्ष द्यायला मूळ फाइल लागते. म्हणून एकही रॉ फाइल पुसू नका. प्रत्येक रात्रीची तारीख, वेळ, जागा, लेन्स आणि केलेल्या पायऱ्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हात सुधारेल, तेव्हा हीच तीनशे चित्रं पुन्हा उघडून आणखी ढग काढता येईल.

वाट शोधायला एकट्याने धडपडायची गरज नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे आणि मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम अनेकांनी अनुभवले आहेत. एखाद्या रात्री तिथे जा आणि आधी नुसत्या डोळ्यांनी मृगाकडे बघा. मग कॅमेरा लावा, चार सेकंदांचे तीनशे फोटो घ्या. घरी आल्यावर त्यात काही घालू नका. जे आकाशाचं नाही तेवढंच सावकाश काढत जा. उरेल तो तेराशे वर्षांपूर्वी निघालेला उजेड असेल, आणि तो तुम्ही स्वतः साठवलेला असेल.